अर्धा सेंटिमीटर

३ जून

माननीय प्रशिक्षिका बाईंना,

पहिल्या पाठाची उत्तरं सोबत जोडली आहेत. मसाजच्या परवान्याचा नंबर वर लिहिलाय. तो आपल्याला पाठच असेल, कारण मंडळाच्या कचेरीत तो पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा आपण शाळेचं दप्तर पाठीला लावून माझ्याबरोबर रांगेत उभ्या होतात. पण आता आपण प्रशिक्षिका आणि मी विद्यार्थिनी. सख्ख्या बहिणी असल्याचं कागदावर कुठे दिसत नाही, तेव्हा मीही दाखवत नाही. मला हौस नाही.

हा अभ्यासक्रम मी का घेतेय हे विचारलंय. खरं लिहू? नाक दाबलंय म्हणून. माझा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. दर दोन वर्षांनी चोवीस तासांचं शिक्षण पूर्ण केल्याशिवाय तो पुढे चालू होत नाही, हे मी सत्तावीस वर्षं निमूट करत आलेय. खांद्याचा सांधा झाला, मानेचा मणका झाला, गरोदर बायकांचा मसाज झाला. या वेळी मंडळाला शिंगं फुटली. चोवीसपैकी आठ तास ‘संशोधन वाचन’ सक्तीचं, आणि ते शिकवणार कोण, तर आपण. पत्रकावर नाव वाचलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परवाना नसेल तर मला या टेबलाला हात लावता येणार नाही, आणि चोपन्नाव्या वर्षी मला दुसरं काही येत नाही. हे आपल्याला माहीत आहे. म्हणून घेतेय.

पाठ पोस्टाने यायचा, उत्तरं पोस्टाने जायची, ही सोय मात्र उत्तम केलीत. तोंड बघायची वेळ नाही. सहा वर्षांची सवय आहेच.

प्रश्न १. मसाजमुळे शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात, असं आपण ग्राहकांना सांगता का?
हो, सांगते. मसाज झाला की दोन पेले पाणी प्या, घाण निघून जाईल, असं म्हणते. आपल्या पाठात लिहिलंय की याला पुरावा नाही. नसेल. सत्तावीस वर्षं सांगतेय, पाणी पिऊन कोणी मेलं नाही.

प्रश्न ३. आपण कामाची नोंद कशी ठेवता?
माझी नोंद बघायला मंडळाने हत्यारी फौज पाठवावी. प्रत्येक माणसाचं एक पिवळं कार्ड. टेबलावर घ्यायच्या आधी मोजायचं, उतरल्यावर मोजायचं. मान किती वळते, हात किती वर जातो, सूज असेल तर घेर किती. गळ्यात शिंप्याची टेप, कानावर पेन्सिल. पत्र्याच्या एकवीस पेट्या भरल्यात. एकही कार्ड आजवर फेकलेलं नाही. हेच माझं संशोधन. मला कोणी शिकवायची गरज नव्हती, उलट ही टेप आपल्या गळ्यात मीच घातली होती.

प्रश्न ५ वाचून तर मला हसू आवरेना. ‘या अभ्यासात निम्म्या लोकांना खोटा मसाज दिला होता. म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत लिहा.’ म्हणजे थेरपिस्टने पाठीवर नुसता हात ठेवून वीस मिनिटं बसायचं. दाबायचं नाही, चोळायचं नाही, आणि समोरच्याला कळू द्यायचं नाही. मग खऱ्याने किती गुण आला आणि खोट्याने किती, ते ताडून बघायचं. तक्ता बघते तर काय, खोटेवालेही बऱ्यापैकी बरे झालेत! अहो, मग त्याला खोटा कशाला म्हणता? कोणी वीस मिनिटं पाठीवर हात ठेवायला मिळत नाही म्हणून तर लोक माझ्याकडे येतात.

परवान्याचा फॉर्मही भरायला घेतलाय. त्यात तो नेहमीचा प्रश्न आहेच, ‘आपल्या हातून कोणाला इजा झाली आहे का?’ मी ‘नाही’वर खूण केली. दर वेळी करते.

आपली नम्र वगैरे,
विद्यार्थिनी


१९ जून

उत्तरं परत आली. ‘आपण’ वगैरे आता पुरे. इतकी लाल शाई सांडणाऱ्या बाईला मी ‘आपण’ म्हणणार नाही.

‘हे मत आहे, पुरावा नाही.’ ‘किती ग्राहक? किती काळ?’ ‘तुलना कशाशी?’ आणि कार्डांच्या उत्तराशेजारी, ‘नोंदी आहेत हे चांगलं. त्या पुन्हा कधी वाचल्या आहेत का?’ का गं, शहाणपणा पाजळायला मीच सापडले का? पाच वर्षं माझ्या दुसऱ्या टेबलापाशी उभी होतीस. अंगठ्याने दाबू नकोस, कोपर वापर, नाहीतर चाळिशीत हात जातील, हे कोणी सांगितलं होतं? तेव्हा मी म्हणाले नाही की थांब, आधी पुरावा आणते. ते टेबल घडी करून कपाटामागे उभं आहे. त्याच्यावर आता ओले टॉवेल वाळत घालते.

दुसरा पाठ, ‘नियम आणि त्यामागचा पुरावा’. नियम चौदा पटतो का, कारणं द्या, असं विचारलंयस. देते ना. मनापासून देते.

नियम चौदा म्हणतो, मोठी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला बारा आठवडे हात लावायचा नाही. हलकासुद्धा नाही, डॉक्टरची चिठ्ठी आणली तरी नाही. गेल्या सोमवारी आमच्या ग्रंथपाल बाई आल्या होत्या. नऊ वर्षं माझ्याकडे येतात, त्यांची दोन कार्डं भरलीत. पोटाचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झालेत, उताणं झोपून झोपून मान लाकडासारखी झालीय. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आल्या. मी म्हटलं, बाई, नियम आहे, माझा परवाना जाईल. त्या म्हणाल्या, “चोळू नका हो. नुसता हात ठेवा मानेवर.” मी नाही म्हटलं. पाच मिनिटं खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन, आणि गेल्या. मला इतकी लाज वाटली की मी त्यांना दारापर्यंत सोडायलाही उठले नाही.

आणि या नियमाच्या मागे पुरावा काय, तर तुझ्या पाठातल्या चार ओळी. कोण्या एका बाईला ऑपरेशननंतर कोण्या एका थेरपिस्टने हलका हात फिरवला, दुसऱ्या दिवशी पायातली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली. झालं! एका केसवरून सगळ्यांचे हात बांधले. मला लाल शाईने विचारतेस, किती ग्राहक, किती काळ. मग तुमच्या मंडळाला विचार ना, एकच का? आणि कोण ती शहाणी थेरपिस्ट? हलक्या हाताने गुठळी सुटते म्हणे. मी इतकी वर्षं पोटऱ्या चोळतेय, मला हे पटत नाही. त्या केसमध्ये कोणीतरी खोटं बोललंय. हे माझं मत आहे, पुरावा नाही, तू लिहायच्या आधी मीच लिहिते.

तुझी ताई म्हणायची सवय गेली असेल, म्हणून नुसतीच,
परवाना क्रमांक वर दिलाय ती


८ जुलै

सगळ्या उत्तरांवर मिळून दोनच शब्द लिहून पाठवलेस. ‘मूळ वाचा.’ चार ओळींचा सारांश वाचून भांडू नये, मूळ लेख मिळवावा, हाच तुझा तिसरा पाठ. बरं.

मूळ लेख मिळवायचा कुठून? ग्रंथपाल बाईंकडेच गेले. ज्यांना परत पाठवलं त्यांच्याच दारात, कुठल्या तोंडाने गेले ते माझं मला माहीत. त्यांनी दोन दिवसांत मागवून दिला. सात पानं. काउंटरपाशी उभ्या उभ्याच वाचायला लागले, आणि पहिल्याच पानावर लिहिणारीचं नाव बघितलं. आडनाव आपलंच.

बारके, तू आईला कागदावर घातलंस.

‘रुग्ण स्त्री, वय ६६. डाव्या गुडघ्याचा सांधा बदलून सतरा दिवस.’ ही आपली आई. ‘घरी एका अनुभवी थेरपिस्टकडून.’ ही मी. बाकी काही नाही. नाव नाही, गाव नाही. हिरव्या चादरीच्या त्या पलंगावर ती पाय लांब करून बसली होती, तू ऑफिसात होतीस, मी तेलाची बाटली गरम पाण्यात ठेवली होती. यातलं काही नाही. ‘एका अनुभवी थेरपिस्टकडून.’ मी अनुभवी आहे हे तरी छापलंस, उपकार झाले.

पुढे, ‘रुग्णाच्या सांगण्यानुसार पोटरीवर दहा मिनिटं तेलाचा हलका हात फिरवण्यात आला. त्वचा गरम असल्याची तक्रार नव्हती. पोटरीचा घेर मोजल्याची नोंद नाही.’ आणि शेवटी, ‘एका केसवरून कारण सिद्ध होत नाही, मात्र हलका स्पर्शही धोक्याचा असू शकतो, ही शक्यता लक्षात घ्यावी.’ तू शक्यता म्हणालीस आणि मंडळाने त्याचा नियम करून टाकला. माझ्यावरून केलेला नियम दाखवून मी माझ्याच ग्राहकाला दारातून परत पाठवलं. वा!

दवाखान्याच्या व्हरांड्यात मला काय विचारलं होतंस, आठवतं? आई आत नळ्या लावून पडलेली, आणि तू सगळ्या नर्सांसमोर माझा दंड धरलास. “ताई, तू काय केलंस?” मी म्हटलं, नुसतं तेल लावलं. तेव्हाही तेच, आजही तेच. हलका हात होता. तूच लिहिलंयस, छापून आलंय. मग आईला परस्पर स्वतःच्या घरी घेऊन गेलीस ते कशाबद्दल? माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस आणि सात पानं जगाला लिहिलीस.

आता नीट ऐक. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे. ‘लेखिकेचा रुग्णाशी वा थेरपिस्टशी कोणताही व्यक्तिगत संबंध नाही.’ कोणताही नाही! आई तुझी, बहीण तुझी, आणि संबंध नाही. मला पुराव्याचे धडे देणारी तू. ही ओळ खोटी आहे, आणि ती मंडळाला दाखवायला मला एक लिफाफा पुरे. तुझी शिकवणी दुसऱ्या दिवशी बंद होईल. तेव्हा शहाणी असशील तर मला मुकाट्याने पास कर. ३१ ऑगस्टला माझा परवाना माझ्या भिंतीवर पाहिजे.

ताई


२४ जुलै

वाटलं होतं घाबरशील. नाहीतर चिडशील. निदान दोन ओळी शिव्या घालशील. तर पाठ कोराच परत. एक चूक काढलेली नाही, एक गुण कापलेला नाही. धमकीखाली फक्त एक ओळ, तीसुद्धा लाल शाईने नाही, पेन्सिलीने. ‘मूळ नोंद असल्यास जोडावी.’

कसली नोंद? आईच्या पायाचं कोणी कार्ड भरतं का? घरचं माणूस आहे, ग्राहक नाही. नाही माझ्याकडे काही. हात धुवून मागे लागू नकोस.

मंगळवारी तू वर्गाला गेलीस तेव्हा आईचा फोन आला. ती अधूनमधून करते, तुला माहीत नसेल तर आता माहीत करून घे. धाप अजून लागते तिला. दोन वाक्यं बोलली की थांबते, मग मीही थांबते. मी तिला म्हटलं, तुझ्या लेकीने तुझ्या पायावर लेख लिहिलाय. तर म्हणते, “मला माहितीये. मला वाचून दाखवलाय. ज्या दिवशी तो लेख शिकवून येते ना, त्या दिवशी ती जेवत नाही.”

मग ती म्हणाली, “हलका हात मीच सांगितला डॉक्टरांना. तू तर तोंड उघडायच्या अवस्थेत नव्हतीस. तुझा परवाना गेला असता गं. मग काय केलं असतंस, लोकांची भांडी घासली असतीस? तुझ्याने तेही होणार नाही, तू अर्धी भांडी फोडशील.” आणि हसली, आणि तिला खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाली, “सहा वर्षं तुम्ही दोघी माझ्या पायावरून भांडताय. पाय कसा आहे हे एकीनेही विचारलं नाही.”

मग मी विचारलं, पाय कसा आहे. म्हणाली, पाय छान आहे, त्याला काय धाड भरलीय.

आणखी एक लिहायचं होतं, गेल्या पत्रात लिहिलं नाही. ग्रंथपाल बाईंनी तो लेख मला द्यायच्या आधी स्वतः वाचला होता. वाचणारच, तो त्यांचा धंदाच आहे. मला म्हणाल्या, “बरं झालं हो, तुम्ही त्या दिवशी मला हात लावला नाहीत. इतक्या हलक्या हाताने असं होत असेल तर! मी मुलीलाही सांगून ठेवलंय, पाठीला हात लावू नकोस म्हणून.” आणि माझा हात हातात घेऊन ‘वाचवलंत मला’ म्हणाल्या.

बारके, त्या बाईंच्या घरात त्यांची मुलगी त्यांना हात लावत नाहीये. मानेवर नुसता हात ठेवला असता तर त्यांना काही झालं नसतं. हे तुला माहीत नाही. मला माहीत आहे.

हे सगळं लिहिलं म्हणून मी विरघळले असं समजू नकोस. तुझा राग मला आजही तितकाच आहे. दंड धरलास तिथे अजून दुखतं.

ताई


१२ ऑगस्ट

शेवटचा पाठ. ‘आपल्या कामातल्या एका केसचा अहवाल लिहा. जे पाहिलं ते, ज्या क्रमाने पाहिलं त्या क्रमाने. मत वेगळ्या परिच्छेदात.’ लिहिलाय. गुण कापायचे तिथे काप.

रुग्ण: स्त्री, वय ६६. डाव्या गुडघ्याचा सांधा बदलून सतरा दिवस. घरात काठीने चालत होती. आदल्या दिवसापासून डाव्या पोटरीत ठसठस.

पाहणी: डावी पोटरी उजवीपेक्षा सुजलेली. हाताला गरम. रुग्ण म्हणाली, “आग होतेय गं.” हे वाक्य थेरपिस्टने ऐकलं होतं.

मोजणी: गुडघ्याखाली दहा सेंटिमीटरवर उजव्या पोटरीचा घेर ३३. डाव्या पोटरीचा ३६.५. फरक साडेतीन सेंटिमीटर.

उपचार: पंचवीस मिनिटं. हलका हात नव्हता. घोट्यापासून गुडघ्याकडे दोन्ही अंगठ्यांनी दाबून, पूर्ण जोराने. रुग्ण दोनदा “हळू” म्हणाली. थेरपिस्ट म्हणाली, “थोडं सहन कर, सूज उतरेल.”

नंतरची मोजणी: डाव्या पोटरीचा घेर ३६. अर्धा सेंटिमीटर कमी.

परिणाम: दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला छातीत कळ, दम. दवाखान्यात अकरा दिवस. उजव्या फुप्फुसात गुठळी. रुग्ण जिवंत आहे. धाप कायमची.

आता मत, वेगळ्या परिच्छेदात. गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे सूज येणारच, आणि सूज म्हणजे साचलेलं पाणी, पाणी वर ढकललं की उतरतं, हे मी हजार पायांवर पाहिलं होतं. म्हणून टेप साडेतीन सेंटिमीटरचा फरक सांगत असताना मी तो वाचला, लिहून घेतला, आणि त्याचा अर्थ उलटा लावला. ज्या आकड्याने मला थांबवायला हवं होतं, त्याच आकड्याने मी कामाला लागले. आणि काम झाल्यावर अर्धा सेंटिमीटर कमी झाला तेव्हा मला काय झालं, सांगू? आनंद झाला. आईला टेप दाखवली. म्हटलं, बघ, उतरली. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तिला बरं वाटलं नव्हतं, मला बरं वाटावं म्हणून फिरवला, हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

कार्ड सोबत जोडलंय. एकविसाव्या पेटीत तळाशी होतं. फेकलं नव्हतं. तू मागितलंस तेव्हा ते कुठे आहे हे मला डोळे मिटून माहीत होतं, आणि ते तुलाही माहीत होतं. मी एकही कार्ड फेकत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? सहा वर्षं वाट बघत बसलीस ना? सरळ घरी येऊन पेटी उघडली असतीस तर मी तुला मारलं नसतं. कदाचित मारलंही असतं.

तुझ्या लेखात लिहिलंय, एका केसवरून कारण सिद्ध होत नाही. गुठळी आपोआपही सुटली असती. हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की कागद तिथे मळलाय. शास्त्राप्रमाणे ते खरं आहे, मी मान्य करते. पण ते तू लिहायचंस. मी त्याच्या आडोशाला बसणार नाही, कारण ते हात तुझे नव्हते.

तीन गोष्टी कर. लेख दुरुस्त कर. ‘हलका हात’ खोड आणि हे आकडे घाल, म्हणजे सुजलेली, गरम, एकाच बाजूची पोटरी दिसली की पोरी टेप खाली ठेवतील आणि रुग्णाला डॉक्टरकडे पाठवतील. नियम चौदा बदलायला मंडळाच्या डोक्यावर बस, तुला ते जमतं. आणि ग्रंथपाल बाईंना एक पत्र लिही, की मुलीने पाठीला हात लावला तर चालेल. माझ्या शब्दावर त्या आता विश्वास ठेवणार नाहीत. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझं कार्ड मला परत द्या.” दोन्ही दिली.

फॉर्म नवा मागवून भरला. ‘इजा झाली आहे का?’ ‘हो.’ पूर्वी तीनदा ‘नाही’ लिहिलं तेही खाली लिहिलं, कार्डाची झेरॉक्स जोडली, आणि कालच पोस्टात टाकला. हे पत्र तुला मिळेल तोवर तो मंडळात पोचलेला असेल, तेव्हा मला वाचवायला धावू नकोस. आईने एकदा वाचवलं, त्याचे हे दिवे लागलेत. ३१ तारखेनंतर परवाना भिंतीवर असेल असं मला वाटत नाही. चौकटीची जागा पांढरी दिसेल. तिथे काहीतरी लावीन.

तुझ्या त्या बारीक अक्षरातल्या ओळीबद्दल मी मंडळाला काही लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. ते माझं काम नाही.

तुझ्या नमुन्यात शेवटी एक रकाना आहे, ‘अहवाल लिहिणाऱ्याचं रुग्णाशी नातं’. तिथे मी लिहिलंय, ‘थोरली मुलगी. थेरपिस्टही तीच.’ तुझ्या लेखात तिथे ‘संबंध नाही’ आहे. ते खोड, आणि खरं काय ते लिही. शाई तुझ्याकडे भरपूर आहे.

ताई